अंदमानचे बीच फिरायचेत? मग आधी भरती-ओहोटी बघा

आमची आत्या मालवणची. जन्म गेला समुद्राकडे बघण्यात, त्यामुळे अंदमानातल्या नील बेटावर उतरल्या उतरल्या तिने विचारलं, आज तिथी कोणती? पौर्णिमा होती. मग तिने बोटांवर हिशोब करून सांगितलं, पौर्णिमेला भरती सव्वाअकरा-बाराला, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला, तो दगडी पूल ओहोटीलाच बघता येतो, तर पाचला निघालं तरी चालेल, आधी चहा घेऊ. आम्ही आरामात चहा घेतला, भजी खाल्ली, पाचला पोचलो तर पाणी चढत होतं, खडकांवरची वाट जवळजवळ गेलेली आणि वर सूर्यही बुडायला आलेला. आत्या म्हणाली, इथला समुद्र खोटारडा आहे.

समुद्र खोटारडा नव्हता हो, आमचं घड्याळ चुकलेलं. कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात ना, चतुर्थी म्हणजे तीन, अष्टमी म्हणजे सहा, तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे, अंदमानात तो तसाच्या तसा लागत नाही कारण भरतीची वेळ जागेप्रमाणे बदलते. पण त्या हिशोबातली एक गोष्ट तिकडेही चालते, ती म्हणजे रोज साधारण पाऊण तास, पन्नास मिनिटं वेळ पुढे सरकते. म्हणून पहिल्या दिवशी जेट्टीवर कोणत्याही बोटवाल्याला विचारायचं की आज पाणी कधी उतरणार, तो सांगेल ती वेळ मोबाईलमध्ये लिहून ठेवायची आणि पुढच्या दिवसाला पन्नास-पन्नास मिनिटं मिळवत जायचं. टाइड टेबलची, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाची अ‍ॅप आहेत, पण पोर्ट ब्लेअरला असतानाच पुढच्या आठवड्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, हॅवलॉक आणि नील बेटांवर नेटवर्क मूडप्रमाणे येतं-जातं.

दुसरं घड्याळ सूर्याचं. अंदमान कोलकात्याच्याही बरंच पूर्वेला आहे पण वेळ आपलीच भारतीय, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या आसपास सूर्यास्त होतो, जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला, आणि सहाला मिट्ट काळोख. पुण्याच्या सवयीने नऊला नाश्ता, अकराला बाहेर असं केलंत तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. पाचला उठा, दुपारी झोपा, तिथले लोकही तसेच जगतात.

आता बेटांकडे येऊ. नावांचा घोळ आधी मिटवतो. २०१८ च्या ३० डिसेंबरला हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, कारण नेताजींनी १९४३ मध्ये त्याच तारखेला पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता. २०२४ मध्ये खुद्द पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम झालं. बोलताना सगळे जुनीच नावं घेतात, तिकिटावर मात्र नवीन असू शकतं, तेव्हा चुकीच्या बोटीचं बुकिंग झालं म्हणून घाबरू नका.

हॅवलॉकला दोन बाजू आहेत हे डोक्यात फिट करा, बाकी सगळं आपोआप जमतं. पूर्वेच्या बाजूला गोविंदनगर, विजयनगर आणि शेवटी कालापत्थर. इथे उथळ पाणी आणि खडक, ओहोटीला समुद्र इतका लांब जातो की रिसॉर्टसमोर नुसते दगड, शेवाळ आणि मेलेलं कोरल, म्हणजे प्रवाळ, दिसतं आणि लोक वैतागून रिव्ह्यू टाकतात की फोटोत निळं होतं, इथे चिखल. तोच बीच सहा तासांनी भरतीला बघा, नारळाच्या बुंध्यापर्यंत पाणी येतं. म्हणजे पूर्वेचे बीच भरतीला आणि सकाळी. कालापत्थरला उगवत्या सूर्यासाठी जा, पण ऊन जरा वर येईपर्यंत थांबा, लोक सूर्य उगवला की पळतात आणि पाण्याचा खरा रंग त्याच्यानंतर उघडतो.

पश्चिमेला राधानगर, म्हणजे बीच नंबर सात. टाइम मासिकाने २००४ मध्ये याला आशियातला सर्वात भारी बीच म्हटलं, २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ बीचचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळालं. जेट्टीपासून बारा किलोमीटरच्या आसपास, बस आहे, रिक्षा आहे, स्कूटर भाड्याने मिळते. सगळ्या टूर इथे चारला येऊन सूर्यास्ताला सेल्फी काढून जातात. त्यांच्या आधी या, किंवा सरळ सकाळी सातला या, वाळू कडक आणि स्वच्छ, पाठीमागे उंच झाडांचं जंगल आणि जवळपास कोणी नाही. उजवीकडे चालत गेलात की नील्स कोव्ह नावाचं शांत निळं पाणी लागतं, फोटोला एक नंबर, पण पाण्यात उतरायचं नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, २०१० मध्ये एका अमेरिकन पर्यटक बाईंचा इथेच जीव गेला. मगरीचा बोर्ड दिसला की तो शोभेचा नाही, आणि खाडीचं तोंड, खारफुटी, ओढा समुद्राला मिळतो ती जागा, इथे बोर्ड नसला तरी पाण्यात उतरू नका. लाइफगार्डने शिट्टी मारली तर त्याच्याशी हुज्जत नको, तो गंमत म्हणून मारत नाही.

एलिफंट बीचला जेट्टीवरून बोटीने जातात, किंवा राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातून अर्ध्या-पाऊण तासाचा ट्रेक आहे, पावसानंतर चिखल असतो. किनाऱ्यावर मोठाली झाडं मुळासकट आडवी पडलेली दिसतील, ती २००४ च्या त्सुनामीतली. स्नॉर्कलिंग इथे करा, पण सकाळच्या पहिल्या बोटीने, दुपारपर्यंत इतकी गर्दी होते की माशांपेक्षा पाय जास्त दिसतात.

नील लहान आहे, सायकलवर होतं. गावांची नावं ऐकून आत्या खूष झाली, रामनगर, सीतापूर, लक्ष्मणपूर, भरतपूर, पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांना इथे वसवलं आणि अख्खं रामायण बेटावर उतरलं. सीतापूर सूर्योदयाला, लक्ष्मणपूर सूर्यास्ताला, भरतपूर जेट्टीला चिकटून आणि काचेच्या तळाच्या बोटींसाठी, तिथे पाणी भरलेलं असताना जा, नाहीतर बोट कोरलला घासते की काय याच टेन्शनमध्ये वेळ जातो.

आणि तो दगडी पूल, म्हणजे नॅचरल ब्रिज, बंगाली लोक त्याला हावडा ब्रिज म्हणतात. इथे फक्त आणि फक्त ओहोटीला. आम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलो, पन्नास मिनिटं मिळवून, तळ लागायच्या, म्हणजे पाणी सगळ्यात खाली जायच्या, तासभर आधीच पोचलो. तिथे गावातले गाइड असतात, थोडे पैसे घेतात, द्या, त्यांच्याशिवाय काही दिसत नाही. आमच्या गाइडने एका डबक्यापाशी बसवलं आणि म्हणाला हलू नका. डबकं परातीएवढं. आधी नुसता दगड दिसला, मग त्या दगडात एक वेडीवाकडी फट आणि फटीच्या आत जांभळी-निळी मखमल. त्याने वरून हात फिरवला, नुसती सावली पडली हो, आणि ती फट सटकन मिटली. मोठा शिंपला होता तो, कोरलमध्ये रुतून बसलेला. आत्याने तीनदा सावली पाडून बघितलं, चौथ्यांदा गाइडनेच अडवलं की बिचाऱ्याला त्रास होतो. तळ लागला की मागे वळा, पाणी चढायची वाट बघू नका, परतीची वाट त्याच खडकांवरून आहे.

पायात काय घालायचं हा प्रश्न इथे सगळ्यात महत्त्वाचा. रबरी चप्पल निसटते, बूट भिजतात, मागे पट्टा असलेली सँडल किंवा पाण्यातले शूज घ्या. कोरलने कापलं की जखम लवकर भरत नाही, माझ्या घोट्यावरची खूण अजून आहे. जिवंत कोरलवर तर पाय देऊच नका. दुसरा शत्रू सँडफ्लाय, दिसतही नाही इतकी बारीक माशी, पहाटे आणि संध्याकाळी ओल्या वाळूत बसलात की चावते आणि खाज दुसऱ्या दिवशी सुरू होते. खोबरेल तेल चोपडून बसा आणि खाली टॉवेलपेक्षा जाड चटई टाका. आणि नारळाच्या झाडाखाली झोपायचं नाही, हे कोकणातल्या माणसाला सांगायला लागू नये.

पोर्ट ब्लेअरकडे बहुतेक मराठी मंडळी सेल्युलर जेल आणि सावरकरांची कोठडी बघायला येतात, बघाच, पण तिथून जॉली बॉयला एक दिवस काढा. वंडूरहून बोट जाते, हे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं बेट, प्लॅस्टिक अजिबात नेऊ देत नाहीत, वेफर्सची पाकिटं हॉटेलवरच ठेवा. सोमवार सुट्टी असते, म्हणून सोमवार फेरीबोटीच्या प्रवासाला टाका. जॉली बॉय साधारण उन्हाळ्यापर्यंतच उघडं असतं, पावसाळ्यात त्याऐवजी रेडस्किन बेटावर नेतात. उत्तरेला दिगलीपूरचं रॉस-स्मिथही सुंदर (हे रॉस वेगळं, नेताजींचं नाव दिलेलं नव्हे), दोन बेटांमध्ये वाळूची पट्टी, तीही ओहोटीलाच नीट दिसते, पण रस्त्याने एक अख्खा दिवस जातो, आठ दिवस हातात असतील तरच.

फेरीबोटीचं तिकीट विमानाच्या पाठोपाठ काढा, आणि परतीच्या विमानाच्या दिवशी हॅवलॉकहून निघायचा प्लॅन कधीच करू नका. आमची एक बोट ऐनवेळी रद्द झाली, खिडकीवर कोणी उत्तर देईना, एक दिवस हातात होता म्हणून विमान वाचलं. नोव्हेंबर ते एप्रिल बरा, मे-जूनपासून समुद्र खवळतो आणि बोटी वरचेवर रद्द होतात. स्कुबा केलंत तर दुसऱ्या दिवशी विमान नको, पूर्ण एक दिवस मध्ये सोडा.

शिंपले-कोरल बॅगेत घालू नका. कोरलला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि एअरपोर्टवर बॅग स्कॅन होते. आमच्या भाच्याने खिशात पाच-सहा शिंपल्या ठेवलेल्या, सिक्युरिटीच्या बाईंनी शांतपणे ट्रे पुढे केला. त्याने एकेक काढून ठेवली, शेवटच्या खिशातून एक छोटा खेकडा निघाला, जिवंत. बाई किंचाळल्या, आत्याने तो पदरात उचलला आणि विचारलं, याला सोडायला कुठे जाऊ?