चहातली साखर गेली, नाश्त्यातली तिथेच : या चुका टाळा

‘मी साखर बंद केली’ असं कुणी सांगितलं की तो माणूस बहुतेक वेळा फक्त चहाबद्दल बोलत असतो. मीही त्यातलीच. महिनाभर नाक मुरडत बिनसाखरेचा चहा प्यायले, वजनाचा काटा जागचा हलला नाही. एकदा सहज बिस्किटाच्या पुड्यामागचा बारीक मजकूर वाचला. साध्या ग्लुकोज बिस्किटांत १०० ग्रॅममागे २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. चहाबरोबर माझी चार बिस्किटं ठरलेली, म्हणजे पाच-सहा ग्रॅम साखर. चहात घालायचे तेवढीच, फक्त आता ती मैद्यात आणि तेलात मळून येत होती.

पहिली चूक हीच. चहातली साखर काढायची आणि बिस्किट, टोस्ट, खारी चालू ठेवायची. खारी गोड लागत नाही म्हणून ती सभ्य वाटते, पण तिचा प्रत्येक पापुद्रा मैदा आणि वनस्पती तुपाचा. त्यापेक्षा चहा नुसता प्या आणि साखर एकदम तोडू नका. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, महिन्याभरात जीभ वळते. मात्र चमचा सपाट धरा. मी एकदा काट्यावर तोलून पाहिलं तर सपाट चमच्यात चार ग्रॅम साखर भरली आणि रोजच्या हाताच्या शीग लावलेल्या चमच्यात जवळजवळ सात. ‘एकच चमचा घेते’ म्हणणारी मी निम्मा हिशेब लपवत होते.

गूळ, मध, खजूर

आता नाक्यानाक्यावर गुळाच्या चहाच्या पाट्या दिसतात. गुळाला चव आहे, गूळ आपल्या मातीतला आहे, सगळं मान्य. पण १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास उष्मांक असतील तर तेवढ्याच गुळात ३८० च्या आसपास. वजनाच्या दृष्टीने हा फरक म्हणजे काहीच नाही. लोह मिळतं म्हणावं, तर चहाच्या कपातल्या गुळाने ते मिळेल असं समजू नका. मधाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी मर्यादा सांगितली तिच्यात मध आणि फळांचा रसही साखरेबरोबरच मोजला आहे. दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. २००० उष्मांकांच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, सपाट सहा चमचे. सकाळी उठून कोमट पाण्यात चमचाभर मध घेतलात तर त्यातला एक तरी खर्ची पडला.

‘साखर न घालता’ केलेला खजुराचा लाडू याच रांगेतला. खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त त्याची स्वतःचीच साखर, वर काजू-बदाम आणि तूप. एक लाडू खा, आनंदाने खा, पण तो गोडाचा पदार्थ म्हणून. पौष्टिक नाश्ता म्हणून रोज दोन नको.

गोळ्या आणि थेंबांच्या कृत्रिम गोडीचं काय? वजन ताब्यात ठेवण्यासाठी त्या वापरू नयेत, असा सल्ला याच संघटनेने २०२३ मध्ये दिला. तो मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

पाकिटावरचा ‘एक वाढप’

मुसली, कॉर्नफ्लेक्स, ओट्सची पाकिटं यांच्यावर दर्शनी बाजूला गव्हाची ओंबी आणि सडपातळ बाई असते. पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर पहिल्या तीनांत असेल तर पाकीट परत फळीवर ठेवा. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, मध, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट ही तिचीच टोपणनावं. आणि ‘एक वाढप’ (सर्व्हिंग) म्हणून साखरेचा जो आकडा छापलेला असतो, तो बहुधा ३० ग्रॅमभराचाच. रोजच्या वाडग्यात नेहमीसारखी मुसली ओता आणि तोला. माझ्या वाडग्यात ६५ ग्रॅम भरली. म्हणजे छापलेल्या साखरेची दुप्पट, दुधात पडण्याआधीच.

दुधाला मात्र उगाच घाबरू नका. साध्या दुधात १०० मिलीमागे पाचएक ग्रॅम साखर दिसते, ती दुधाची स्वतःची. तसंच संत्रं सोलून खा, रस काढू नका. पेलाभर रसाला तीन-चार संत्री लागतात, ती तुम्ही एका बैठकीत सोलून खाल्ली नसती.

आणि कांदेपोह्यांत आई जी चिमूटभर साखर घालते तिच्यावरून घरात भांडण काढू नका. ताटलीमागे तिचे उष्मांक पाच-दहा. पोह्यांची अडचण वेगळीच आहे.

अकराची भूक

ती अडचण अशी. साखर काढली, पण तिच्या जागी पोटात टिकेल असं काही घातलं नाही. नुसते पोहे, नुसता उपमा, जॅमऐवजी नुसता लोणी-ब्रेड. साबुदाण्याची खिचडी तर जवळपास सगळी पिठूळच, तिच्यात प्रथिनं असतील ती शेंगदाण्यांच्या कुटाची. अकरा वाजता पोट ओरडतं, ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस असतो आणि सकाळचा संयम केकच्या तुकड्यावर सांडतो. तेव्हा पोहे खा, पण निम्मे, आणि वर वाटीभर मटकीची उसळ. शेव चिमटीने.

मला ७.४२ ची लोकल गाठायची असते, त्यामुळे जे दहा मिनिटांत होत नाही ते माझ्या उपयोगाचं नाही. थालीपीठ लाडकं, पण ते रविवारी, थापायला हात आणि वेळ दोन्ही लागतात. रोजचं माझं म्हणजे धिरडं. चहाचं आधण ठेवायचं, तोवर अर्धी वाटी बेसन, बारीक कांदा, कोथिंबीर, ओवा, हळद, तिखट, मीठ पाण्यात सरबरीत कालवायचं. तवा चांगला तापला की चमचाभर तेल, धिरडं घालायचं, झाकण. कडा सुटल्या की उलटायचं. चहा गाळून होईतो ताटलीत. ५० ग्रॅम बेसनात दहाएक ग्रॅम प्रथिनं मिळतात, साधारण दोन अंड्यांच्या जवळपास. रात्री सालीची मूगडाळ भिजत घातली तर सकाळी आलं-मिरचीसह मिक्सरमधून काढून तिचीही धिरडी होतात.

तेवढाही वेळ नसेल तर रात्रीची ज्वारीची भाकरी ताकात कुस्करायची, वर शेंगदाण्याची चटणी. चूल पेटवायचीच नाही. अंडी खात असाल तर रात्रीच उकडून ठेवा. मोड आलेली मटकी डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली की तीन दिवस टिकते, सकाळी पाच मिनिटं वाफ पुरते.

खरी चूक सकाळी होतच नाही. ती आदल्या रात्री होते, काहीही भिजत न घालता झोपतो तेव्हा.

तरीही काही बिघडलं तर

डोकं दुखत असेल तर आधी आठवा, साखरेबरोबर चहाच बंद केलात का? ते बहुधा चहा सुटल्याचं दुखणं, एक कप बिनसाखरेचा घेऊन बघा. पोट साफ होत नसेल तर पाणी आणि पालेभाजी वाढवा, धिरड्यात मूठभर मेथी चिरून घाला. वजन हलत नसेल तर तेलाचा चमचा आणि शेंगदाण्याची मूठ मोजा, तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ उष्मांक, साखरेच्या ४. नाश्ताच टाळून बघू नका, निदान अकराचा केक समोर असेल त्या दिवशी तरी नाही. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर सकाळचं खाणं बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. खाणं कमी आणि औषध तेवढंच राहिलं, तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते.