सकाळी मुंबईत, विमान संध्याकाळी: बॅग आधी कशी द्यावी?

रात्रीच्या गाडीने सकाळी दादरला किंवा सीएसएमटीला उतरायचं आणि विमान संध्याकाळी सात-साडेसातचं. कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्यांवर ही वेळ हमखास येते. मी गेली दहा-बारा वर्षं अशीच ये-जा करतो आहे, आणि प्रत्येक वेळी कुणी ना कुणी सांगतंच, ‘‘थेट एअरपोर्टला जा, बॅग देऊन टाक, मग दिवसभर मोकळा.’’ ज्याने असं कधी केलेलं नाही, तोच असं सांगतो. कृपा करून ऐकू नका.

वेब चेक-इन झालं म्हणजे बॅग कधीही घेतील, असं नसतं. वेब चेक-इन बऱ्याच कंपन्यांचं ४८ तास आधी सुरू होतं, त्याने फक्त तुमची जागा ठरते. बॅग घेणारं काउंटर देशातल्या विमानासाठी साधारण दोन-तीन तास आधी, परदेशच्या विमानासाठी तीन-चार तास आधी उघडतं, आणि देशातल्या विमानासाठी बहुतेक ठिकाणी ६० मिनिटं आधी बंद होतं. काही कंपन्या त्याहून लवकर बॅग घेतात, पण ते कंपनीवर आणि त्या दिवसावर अवलंबून. आदल्या दिवशी हेल्पलाइनला फोन करा आणि नेमकं एवढंच विचारा: ‘‘या फ्लाइटची बॅग किती वाजल्यापासून घेता?’’

तिकिटावर टर्मिनल बघा. टी१ सांताक्रूझला, टी२ सहारला, आणि एकातून दुसऱ्यात चालत जायची सोय नाही. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं सुटू लागली आहेत. तिकिटावर नुसतं ‘मुंबई’ वाचून निघू नका, कोड बघा: मुंबईचा बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय.

मधल्या वेळेसाठी रेल्वेची क्लोक रूम उत्तम. बॅगेला कुलूप हवं आणि रेल्वेचं तिकीट जवळ हवं, नाहीतर ठेवून घेत नाहीत. संध्याकाळी तिथे रांग लागते, म्हणून बॅग सोडवायला अर्धा तास जास्तीचा धरा. सीएसएमटीहून टी२ला जायचं असेल तर भुयारी मेट्रो ३ सरळ तिथपर्यंत जाते. मोठी बॅग घेऊन गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढू नका. स्वतःला त्रास आणि दारातल्या चार जणांनाही.

वजन घरीच करा. देशातल्या विमानाला इकॉनॉमीत साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातली. जास्त होणार असेल तर आधीच ऑनलाइन पैसे भरा, काउंटरवर महाग पडतं.

आता खरी अडचण. बॅग काउंटरच्या पट्ट्यावरून आत गेली की काम संपलं असं सगळे धरून चालतात. मीही तसंच धरून चाललो होतो. कोलकात्याचं विमान होतं, तीन तास आधी बॅग दिली, सिक्युरिटी पार करून आत बसलो. फोन सायलेंटवर. बॅगेत स्वेटरच्या घडीत पॉवर बँक राहिली होती. पट्ट्याच्या मागे प्रत्येक बॅगेचा एक्स-रे होतो, तिथे ती दिसली. कुलूप मालकासमोरच उघडायचं, म्हणून मला फोन केले. मी पाहिले तेव्हा सहा मिस्ड कॉल होते. मी विमानाने गेलो, बॅग मागेच राहिली. दोन दिवसांनी मिळाली. भाचीच्या बारशाचे कपडे त्यातच होते, आणि ताईचा तो चेहरा मला अजून आठवतो.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो आणि घरातल्या सगळ्यांना पाळायला लावतो: बॅग दिल्यावर पंधरा-वीस मिनिटं काउंटरच्या आसपासच थांबायचं, फोनचा आवाज मोठा ठेवायचा, मगच सिक्युरिटीकडे वळायचं. तिकिटावर नंबर तुमचाच आहे ना, तेही बघा. एजंटने काढलेल्या तिकिटावर बरेचदा एजंटचाच नंबर असतो, आणि मग फोन त्याच्या दुकानात वाजतो. घोषणेच्या भरवशावर राहू नका.

‘पॉवर बँक बंद करून बॅगेत ठेवली की चालते’ हे साफ चूक. लिथियमची बॅटरी तापून पेटली तर केबिनमध्ये कर्मचारी ती विझवू शकतात, खाली सामानाच्या भागात कुणी पोहोचू शकत नाही. म्हणून पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर विमानाने नेऊच नका. त्यातल्या तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. कापूर, फटाके, लायटरही नाही. आईने प्रेमाने बांधून दिलेली पूजेची पिशवी निघायच्या आधी तिच्यासमोरच उघडून बघा.

टॅग लावताना घाई करू देऊ नका. आधी जुने टॅग फाडा, आणि बॅगेच्या कडेला चिकटलेली ती बोटाएवढी बारकोडची पट्टीही नखाने खरवडून काढा, कारण यंत्र जुना बारकोड वाचलं तर बॅग भलतीकडे जाऊ शकते. मग नव्या टॅगवरची मोठी तीन अक्षरं वाचा. गोव्याला दोन विमानतळ आहेत, दाबोळीचा कोड जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. मध्ये विमान बदलायचं असेल तर शेवटच्या मुक्कामाचा कोड टॅगवर आहे का, हे तोंडाने विचारा.

बोर्डिंग पासला चिकटवलेल्या पावतीचा फोटो काढा, बॅगेचाही काढा. उतरल्यावर पट्ट्यावर बॅग आली नाही तर हॉलमधून बाहेर पडू नका. तिथल्याच काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा, ही पावती दाखवा आणि तक्रारीचा नंबर हातात पडल्यावरच दाराकडे वळा.