आईबाबांच्या पायातली गेलेली ताकद घरच्या घरी परत कशी आणायची

गेल्या पावसाळ्यात आईला डेंग्यू झाला. दहा दिवस बेडवर, मग ताप उतरला, प्लेटलेट वर आल्या, डिस्चार्ज मिळाला आणि घरी आल्यावर लक्षात आलं की तिला खुर्चीतनं उठताच येईना. निघताना गोळ्यांचा कागद दिला, फळं-बिळं द्या म्हणाले, पण पायांचं काय करायचं हे कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर, एकदा पुढं-मागं, परत एकदा पुढं-मागं, तिसऱ्या झोक्याला कशीबशी वर, आणि वर येताना दोन्ही गुडघे आत वळून एकमेकाला घासत होते. "वय झालं रे आता," म्हणाली. वय ६८. पंधरा दिवसांपूर्वी हीच आई कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळातनं बिंदू चौकापर्यंत पिशवी घेऊन चालत येत होती, मग पंधरा दिवसात असं किती वय झालं?

वय नव्हतंच ते, अंथरूण होतं. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला, त्यात साठीच्या पुढच्या धडधाकट माणसांना फक्त दहा दिवस बेडवर झोपवून ठेवलं, ताप नाही, दुखणं नाही, जेवण व्यवस्थित, तरी दहा दिवसात पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. किलोभर, तेही आजार नसताना! वयानुसार स्नायू झडण्याला सार्कोपेनिया म्हणतात, हे नाव १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग यांनी दिलं, आणि त्यात आधी झडतात ते जलद तंतू. उंबऱ्याला ठेच लागल्यावर झटकन दुसरा पाय पुढं टाकून सावरायला तेच तंतू लागतात, म्हणून पाय बारीक झालेली माणसं पडतात.

आता चांगली बातमी. १९९० साली बोस्टनमधे मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे, आठवड्यातनं तीन वेळा, पायांनी वजन उचलायला लावलं. हलकं नाही, झेपेल त्याच्या ८० टक्के. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. नव्वदीत! हे वाचलं त्या दिवशीच मी आईच्या मागं लागलो. आमचं काय-काय चुकलं आणि काय जमलं ते खाली क्रमानं लिहितोय.

पायरी १ : आधी मोजा

मोजल्याशिवाय सुरू करू नका, नाहीतर महिन्यानं फरक पडला का नाही तेच कळत नाही आणि माणूस कंटाळून सोडतं.

सरळ पाठीची खुर्ची घ्या, बसायची उंची साधारण ४३ सेंटीमीटर, पाठ भिंतीला टेकवून ठेवा कारण फरशीवर प्लास्टिकची खुर्ची मागं सरकते. हात छातीवर फुली करून, मोबाईलवर ३० सेकंद लावून, किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतंय ते मोजा. हात टेकला तर आकडा शून्य धरायचा. ६५ ते ६९ वयाच्या बायकांना ११ आणि पुरुषांना १२ पेक्षा कमी जमत असेल तर पडण्याचा धोका आहे असं धरतात, ७० ते ७४ ला बायकांना १० आणि पुरुषांना १२, आणि ८० ते ८४ ला ९ आणि १०. आईचा पहिल्या दिवशीचा आकडा शून्य आला, तिला वाईट वाटलं, पण तो कॅलेंडरवर लिहून ठेवला हे बरं केलं.

दुसरं, शिवणकामाची टेप घेऊन पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. आशियातल्या लोकांसाठी २०१९ साली तज्ञांनी ठरवलंय की पुरुषांची पोटरी ३४ आणि बायकांची ३३ सेंटीमीटरपेक्षा कमी भरली तर पुढची तपासणी करावी. टेप नसेल तर जपानी पद्धत आहे, आपल्याच दोन्ही हातांचे अंगठे आणि अंगठ्याशेजारची बोटं जुळवून पोटरीभोवती कडं करायचं, कडं सैल बसलं तर स्नायू कमी झालेत असं समजायचं. पायाला सूज असेल तर मात्र दोन्ही मापं फसतात.

पायरी २ : डॉक्टरांना कधी विचारायचं

हार्टचा त्रास, कंट्रोलमधे नसलेलं बीपी, नुकतंच ऑपरेशन, गुडघा बदललेला, वारंवार चक्कर, यातलं काहीही असेल तर विचारून मगच. आणि खालचं काही दिसलं तर ते व्यायामानं जाईल म्हणून थांबू नका:

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दुखते, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, ती चोळायची नाही, मालिश अजिबात नाही, त्याच दिवशी दवाखाना. चालताना पोटरीत कळ येते आणि थांबलं की जाते, तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील, साखरवाल्यांनी आणि तंबाखू-विडीवाल्यांनी हे जास्त बघावं. दोन्ही मांड्यांत आणि खांद्यांत सारखाच जोर कमी झालाय, केस विंचरायला हात वर जाईना, तर स्नायूंचा वेगळा आजार किंवा थायरॉईड असू शकतो. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू आहेत आणि अंग दुखतंय तर डॉक्टरांना सांगा, पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका. आणि एकाच बाजूचा हातपाय अचानक लुळा पडला तर पॅरालिसिस समजून तडक हॉस्पिटल, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं ऐकत बसायचं नाही.

पायरी ३ : खुर्चीची बैठक

आपल्या गावाला बैठक शिकवायची गरज नाही खरं तर. शाहू महाराजांच्या काळापासून तालमींचं गाव, गंगावेश, मोतीबाग, प्रत्येक पेठेत कुणी ना कुणी आखाड्यात उतरलेला असतो. पण घरातल्या आईला, आज्जीला कुणी बैठक मारायला सांगितली का? त्यांना आपण सांगतो "आराम कर". माझ्या मते यातनंच सगळं नुकसान होतं.

पहिल्या दिवशी आईला हात न लावता उठता येत नव्हतं, म्हणून खुर्ची उंच केली. घरातली जुनी वाकळ चौपदरी घडी करून खुर्चीवर ठेवली आणि सुतळीनं बांधली, घसरू नये म्हणून. उंची चार बोटं वाढली आणि आई उठली, हात न लावता. पावलं खांद्याएवढी फाकवून, टाचा गुडघ्याच्या थोड्या मागं, नाक पायाच्या बोटांवर येईल एवढं पुढं वाकायचं, मग टाचांवर जोर देऊन उठायचं. गुडघे आत वळायला लागले की मी म्हणायचो "गुडघे बाहेर, आई", आणि ती गुडघे बाहेर ढकलायची. हे एवढं एक बघा, बाकी आपोआप जमतं.

आठ वेळा, दोन मिनिटं बसायचं, परत आठ वेळा. दर आठवड्याला वाकळेची एक घडी कमी केली. घडी संपली की बसताना वेग कमी करायचा, धपकन बसायचं नाही, मनात चार आकडे मोजत खाली यायचं, कारण स्नायू ताणला जात असताना वजन पेलतो तेव्हा त्याला जास्त काम पडतं. तेही सोपं झालं की छातीशी एक किलो तांदळाची पिशवी धरायची, मग दोन किलो.

सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं तर हेच आहे, भार वाढला पाहिजे. रंकाळा तलावावर रोज फेरी मारणारे पुष्कळ आहेत, आणि ते चांगलंच आहे, हृदयाला, साखरेला, मनाला, सगळ्याला चांगलं, पण पाच वर्षं त्याच वेगानं तीच फेरी मारली तर मांडीला नवीन काही उचलावं लागत नाही आणि ती वाढत नाही. सेटमधल्या शेवटच्या दोन बैठका जड वाटल्या पाहिजेत. वाटत नसतील तर भार कमी पडतोय. वस्ताद नवीन पोराला पहिल्याच दिवशी पाचशे बैठका लावत नाही, आणि वर्षभर पन्नासवरही ठेवत नाही, तसंच.

पायरी ४ : बाकीचे व्यायाम

ओट्याला धरून टाचा उचलायच्या, दोन मोजेपर्यंत वर थांबायचं, हळू खाली, दहा वेळा. पोटरी पायातलं रक्त वर ढकलायचा पंप आहे, चालणं कमी झालं की संध्याकाळी पाय सुजतात ते काही अंशी यामुळंच. मग टाचेवर उभं राहून चवडे उचलायचे, हा चवडा नीट उचलला जात नाही म्हणून उंबऱ्याला अडकतो. मग ओटा धरूनच एक पाय सरळ बाजूला उचलायचा, कमरेच्या बाजूचे स्नायू यातनं पक्के होतात आणि चालताना डुलणं कमी होतं.

हातांसाठी भिंतीवरचे जोर आणि ओला टॉवेल पिळणं. पकडीची ताकद ही सगळ्या अंगाच्या ताकदीचा अंदाज द्यायला वापरतात, बरणीचं झाकण उघडेना झालं तर ते किरकोळ समजू नका.

तोल सांभाळायला एक पाऊल दुसऱ्याच्या बरोबर पुढं ठेवून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभं राहायचं, दोन्हीकडं भिंत असते म्हणून कोपरा. हे रोज चालतं. ताकदीचं मात्र एक दिवस आड, आम्ही सोम-बुध-शुक्र केलं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातनं निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, आणि ६५ च्या पुढच्यांना तीन दिवस तोलासकट.

आकडे मोठ्यानं मोजायला लावा, श्वास कोंडून जोर लावला की बीपी चढतं आणि बोलत असताना श्वास कोंडता येत नाही. पायात कोल्हापुरी नको, चामड्याचा तळ फरशीवर घसरतो, ग्रिपचे बूट नाहीतर सरळ अनवाणी.

पायरी ५ : ताटात काय

व्यायाम केला आणि प्रोटीन नाही पडलं तर विटा न आणता गवंडी बोलावल्यासारखं होतं. आपल्याकडं मोठ्या माणसाला किलोमागं ०.८३ ग्रॅम रोज सांगितलंय, म्हाताऱ्या माणसांवर काम करणारे तज्ञ १ ते १.२ ग्रॅम म्हणतात. आईचं वजन ५५ किलो, म्हणजे रोज ५५ ते ६६ ग्रॅम. तिचा जुना दिवस मोजला तर चहा-बटर, दुपारी भाकरी आणि पालेभाजी, रात्री आमटी-भात, कसंबसं ३० ग्रॅम.

आता सकाळी दोन अंडी, १२ ग्रॅम. म्हशीचं दूध एक ग्लास, ८ ग्रॅमच्या आसपास. मूठभर शेंगदाणे, ७ ग्रॅम. दुपारी घट्ट डाळीची वाटी, पाण्यासारखी आमटी नव्हे. आणि एक सांगतो, पांढरा-तांबडा रस्सा वाट्या-वाट्या ओरपून प्रोटीन मिळत नाही, प्रोटीन मटणाच्या फोडीत असतं, आणि घराघरात आई रस्सा घेते आणि फोडी पोरांच्या ताटात टाकते. हे बघा एकदा आपल्या घरात. दात नसतील तर खिमा करा. शाकाहारी घरात सोयाबीनच्या वड्या, कोरड्या ५० ग्रॅममधे २५ ग्रॅमच्या वर.

दूध कट्ट्यावरचं धारोष्ण, म्हणजे कच्चंच दूध पैलवान पितात, आजारातनं उठलेल्या माणसाला मात्र उकळूनच द्या, कच्च्या दुधातनं आजार येतात. आणि किडनीचा त्रास असेल तर हे ग्रॅमचे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

पायरी ६ : दुखायला लागल्यावर

दुखणार. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, तिसऱ्या दिवशीपर्यंत जास्त, मग उतरतं. आई म्हणाली "बघ, उगंच केलं, पाय गेले माझे," आणि मी घाबरून आठवडाभर बंद केलं, ही माझी मोठी चूक. दोन्ही पायांत सारखं, दाबल्यावर दुखणारं, हालचाल केली की मोकळं होणारं, असं दुखणं चालतं, त्या वेळी भार कमी करा पण सोडू नका. सांध्याच्या आत टोचल्यासारखी कळ, सूज, छातीत दाब, तर थांबा. खूप जोराच्या व्यायामानंतर लघवी चहासारखी काळपट झाली तर स्नायू तुटून किडनीवर ताण येतोय, लगेच दवाखाना.

आणि पहिले दोन-तीन आठवडे टेप तेवढीच भरेल, घाबरू नका. सुरुवातीची ताकद मांस वाढून येत नाही, मेंदू आणि नसा आहेत तेच तंतू जास्त नीट कामाला लावायला शिकतात म्हणून येते. मांस मागनं भरतं.

परत आजारपण आलं तर

बेडवर असतानाच, डॉक्टरांनी हालचाल करू दिली असेल तर, दर तासाला पावलं वर-खाली वीस वेळा, आणि गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळून पाच मोजेपर्यंत धरायची. जेवायला उठवून खुर्चीत बसवा, संडासला धरून चालवत न्या. आम्हाला हे तेव्हा माहीत असतं तर आईचे दोन महिने वाचले असते.

आईचा आकडा महिन्यानं ५ झाला, दोन महिन्यांनी ८, आणि दिवाळीत ११. पोटरी दीड सेंटीमीटर वाढली. आता चाललंय खालनं उठायचं, कारण घरात एकटं असताना पडलं तर उठता आलं पाहिजे. सतरंजीवर बसायचं, आधी कुशीवर, मग हात-गुडघ्यावर यायचं, खुर्ची समोर ओढून तिच्यावर दोन्ही हात, जो पाय मजबूत तो पुढं, आणि टाचेवर जोर. आज तिनं एकदा केलं, मी शेजारी उभा होतो पण हात लावला नाही. तुम्हीही शेजारी उभे राहा, पडायला लागलं तरच धरा.