जुन्या बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हरचा भाव कसा काढावा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे जुनं बत्तीस बोअर (नळीचा व्यास ०.३२ इंच) रिव्हॉल्व्हर विक्रीला निघतं ते बहुतेक दोन कारणांनी. घरातला परवानाधारक वारलेला असतो आणि मुलाला दर निवडणुकीला ठाण्यात शस्त्र जमा करायची कटकट नको असते. नाहीतर मालकाला नवं घ्यायचं असतं आणि दोन शस्त्रांची मर्यादा (२०१९ च्या दुरुस्तीआधी ती तीन होती) भरलेली असते. दोन्हीकडे घाई विकणाऱ्याला असते. तुमच्या परवान्यावरची खरेदीची मुदत संपत आली असेल तर मात्र पारडं फिरतं, म्हणून ती तारीख भाव ठरेपर्यंत आपल्यापाशीच ठेवा.

सुरुवात कागदांपासून. बॉडीवर ठोकलेला नंबर, परवान्यावरचा नंबर आणि मूळ बिलावरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. जुन्या नोंदीत ३ चा ८ झालेला असतो. तो दुरुस्त करून आणणं विकणाऱ्याचं काम आहे, आणि ते होईपर्यंत भावाची बोलणी करू नयेत. दुकानदाराला मध्ये न घेता थेट व्यवहार करायचा असेल तर शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे विकणाऱ्याने जिल्हाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन लेखी कळवायचं असतं, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. तोवर बयाणा द्या, पूर्ण रक्कम नको. सातपुड्याच्या कडेने फिरणाऱ्या गावठी कट्ट्याला नंबर नाही, म्हणून त्याला भावही नाही. त्याला हात लावला की थेट त्याच कायद्याचं कलम २५, म्हणजे बेकायदा शस्त्राचा गुन्हा.

आता वरची मर्यादा ठरवू. मालक स्वतःचं बिल दाखवून त्यावर भाव सांगतो. ते बिल बाजूला ठेवा आणि तेच मॉडेल आज नवं केवढ्याला पडतं ते विचारा. हा फरक मोठा असतो. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर २०१४ साली आलं तेव्हा १,२२,३६० रुपयांचं होतं, टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन अर्धा किलो. त्याचा मालक अजून त्याच आकड्याला धरून बसलेला असतो. शिवाय रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा ४० टक्के झाला, त्यामुळे नव्याची किंमत वर गेली आणि जुन्यावाले त्याचा आधार घेतात. आमच्या मते कराआधीची कारखान्याची किंमत ही जुन्याची कमाल मर्यादा. तो कर सरकारला गेला, लोखंडात काही उरलेला नाही.

तपासणी परवानाधारक दुकानात, मालकासमोर करा. गोळी उडवून बघायची सोय सहसा नसते, त्यामुळे डोळे आणि बोटं हीच साधनं. आधी सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे स्वतः पाहा, मग डमी काडतुसं घाला. सोबत एक फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) न्या, मोटारसायकलचं टॅपेट लावायला गॅरेजवाले वापरतात तेच.

शस्त्र बंद करून सिलिंडर आणि नळीच्या मागच्या टोकामधल्या फटीत पात्या घाला. ०.१० ते ०.२० मिलिमीटर ठीक. ०.२५ ची पाती सहज जात असेल तर पैसे कापा, ०.३० ची गेली तर परत फिरा. मग बोटाने सिलिंडर पुढे ढकलून एकदा आणि मागे ओढून एकदा मोजा. दोन्हींतला फरक ०.१० च्या वर असेल तर सिलिंडर मागेपुढे खेळतंय. असं शस्त्र शिशाचे कण बाजूला उडवतं, आणि फट दर गोळीमागे वाढत जाते.

कानपूरचं जुनं बत्तीस वेब्ली या इंग्लिश कंपनीच्या घडणीचं, म्हणजे मधून मोडून उघडणारं. त्यात सगळ्यात आधी झिजते ती वरची कडी. बंद करून नळी एका हाताने आणि मूठ दुसऱ्या हाताने धरून वर-खाली हलवा. कडीपाशी खट् असा हलका आवाज आला तर बिजागर किंवा कडी सैल आहे. ही दुरुस्ती गल्लीतल्या कारागिराची नाही, तिथे चांगले पैसे कापा.

घोडा अंगठ्याने हळूहळू मागे ओढा. घोडा पूर्ण चढायच्या आत सिलिंडर जागेवर अडकलं पाहिजे. हे सहाही घरांना करा, एखादंच घर उशिरा बसतं आणि नेमकं तेच सुटतं. मग चापाला बोट न लावता चढवलेल्या घोड्याला पाठीमागून अंगठ्याने दाबा. निसटला, तर ते शस्त्र फुकटही नको.

नळीत मागून पांढरा कागद धरा आणि पुढून पाहा. उडालेल्या गोळ्यांचं शिसं ब्रशने निघतं, गंजाचे खड्डे निघत नाहीत. इथल्या खड्ड्यांचं कारण गोळीबार क्वचितच असतं. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेलं, तेलाविना महिनोन्‌महिने पडलेलं, वर चामड्याच्या कव्हरात कोंबलेलं आणि मध्ये पावसाळा गेलेला. म्हणून जमा पावत्या मागा. त्यांवरून शस्त्र किती काळ कोरडं पडलं होतं ते कळतं. ‘आबांनी पाच गोळ्यासुद्धा उडवल्या नाहीत’ हे खरं असूनही नळी सडलेली असू शकते.

मुठीच्या पट्ट्या दुकानदाराकडून काढून घ्या. आत इंग्रजी व्हीसारखी मुख्य स्प्रिंग दिसते. तिच्यावर गंजाचा खड्डा असेल तर ती तिथेच तुटणार. स्क्रूंची डोकी चुरगळलेली असतील तर कुणा हौशी माणसाने ते उघडलेलं आहे. बाहेरून चकाचक काळं दिसत असेल तर कोरलेली अक्षरं जवळून पाहा. कडा गोलसर आणि स्क्रूच्या भोकांभोवती वाटीसारखा खळगा म्हणजे घासून पुन्हा काळं केलेलं. चमक वाढली की आम्ही भाव कमी करतो, कारण घासण्यामागे सहसा काहीतरी लपवलेलं असतं.

हिशेब असा मांडा. समजा कराआधीची नवी किंमत १,००,००० आहे. निर्दोष, मूळ रंगातलं, बिलासह असेल तर ८५,००० पर्यंत जायला हरकत नाही. नळीत बारीक खड्डे असतील तर १५,००० कमी. पुन्हा काळं केलेलं असेल तर १०,००० कमी. मूळ बिल नसेल तर ५,००० कमी. आले ५५,०००. बोलणी ४५,००० ला सुरू करा. दुकानदाराचं कमिशन आणि दुकानात पडून असल्याचं भाडं कुणी द्यायचं ते आकडा ठरण्याआधीच बोलून घ्या, नंतर तिथेच भांडणं होतात.

विलायती मालाला हा हिशेब लागू नाही. १९८० च्या दशकात सामान्य माणसासाठी आयात बंद झाली, त्यामुळे जुनं स्मिथ अँड वेसन किंवा वेब्ली यांचा भाव नावाचा असतो, अवस्थेचा कमी. सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून कडी सैल असलेलं विलायती घेऊन तुम्ही फक्त कपाटाची शोभा विकत घेता. वेब्लीचं नाव असलेलं बत्तीस आता उत्तर प्रदेशात हरदोईलाही बनतं, त्याला विलायती भाव देऊ नका. आणि तशाच चेहऱ्याचं अडतीसचं वेब्लीही असतं. ते प्रतिबंधित बोअर आहे, तुमच्या परवान्यावर चढणारच नाही. नळीवरचा बोअरचा शिक्का वाचल्याशिवाय बयाणा देऊ नका.

उरलेली काडतुसं किमतीत धरायची नाहीत. ती तुमच्या परवान्यावरच्या कोट्यातून मोजली जातात. पुंगळीवर हिरवट कळंक चढला असेल तर दुकानदाराकडेच जमा करायला सांगा आणि खडकीच्या सरकारी कारखान्याची ताजी घ्या.