कानी शाल पडद्यावर आणताना: डिजिटल कलेकडे वळणाऱ्या नवोदितांसाठी

काश्मिरी वस्त्रपरंपरेवर डिजिटल काम करू इच्छिणारे बहुतेक विद्यार्थी बुट्ट्यापासून सुरुवात करतात. शालीचे छायाचित्र घ्यायचे, बदामी आकाराची कड गिरवायची आणि आत भडक रंग भरायचे, ही त्यांची नेहमीची रीत. असे चित्र देखणे होऊ शकते, पण त्यात काश्मीर फारसे उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उपयोजित कलेचे शिक्षण पूर्ण करून मी या विषयाकडे वळले, तेव्हा सर्वाधिक उपयोग झाला तो हातमाग समजून घेण्याचा. चित्रकलेचे कौशल्य त्यानंतर कामी आले.

बडगाम जिल्ह्यातील कनिहामा हे गाव कानी विणकामासाठी ओळखले जाते. कानी म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, रंगीत धागा गुंडाळलेली लहान लाकडी काडी. बाण्याचा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग जात नाही. प्रत्येक रंगाच्या तुकड्याला स्वतंत्र कानी असते आणि जिथे दोन रंग भेटतात तिथे त्यांचे धागे एकमेकांत अडकवले जातात. पैठणीचा पदर विणला जाताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे तत्त्व लगेच उमगेल, मात्र कानीची वीण तिरकस धारीची असल्यामुळे वक्ररेषा पायऱ्यापायऱ्यांनी चढते आणि बुट्ट्याच्या कडेला तो बारीक कंप येतो, जो संगणकाच्या गुळगुळीत रेषेत पूर्ण हरवतो.

या साऱ्या व्यवहाराचा कणा म्हणजे तालीम. नक्काश आराखडा काढतो आणि तालीम लिहिणारा त्याचे सांकेतिक लिपीत रूपांतर करतो: अमुक रंगाची कानी इतक्या ताण्यांखालून (उभ्या धाग्यांखालून), मग तमुक रंगाची इतक्या. विणकरासमोर चित्र नसते, ओळीमागून ओळ अशी ही लेखी सूचना असते. गालिच्यांच्या कारखान्यांत ती मोठ्याने वाचून दाखवण्याचीही प्रथा होती. म्हणजे आपण ज्याला डिजिटल म्हणतो ते या परंपरेत आधीपासूनच होते. श्रीनगरच्या भारतीय गालिचा तंत्रज्ञान संस्थेत संगणकावर आराखडा करून त्यावरून तालीम काढण्याचे काम झाले आहे, आणि या क्षेत्रात येणाऱ्याने ते अवश्य समजून घ्यावे.

माझा सल्ला असा, की एक लहानशी कळी घ्या, ती आलेख कागदावर चौकटीत बसवा आणि प्रत्येक ओळ केवळ रंग व संख्या यांत लिहून काढा. मग मूळ चित्र बाजूला ठेवा आणि फक्त त्या संख्यांवरून पडद्यावर कळी उभी करणारा छोटा प्रोग्राम लिहा. त्यानंतर एखादा नियम बदला, म्हणजे प्रत्येक ओळीत एका रंगाची संख्या एका ताण्याने वाढवा किंवा वीण उलट दिशेला झुकवा, आणि फुलाचे काय होते ते पाहा. नवनिर्मिती इथे सुरू होते, कारण बदल तालमीच्या भाषेत घडलेला असतो. एक तांत्रिक बाब मात्र आधीच तपासावी: ताण्याची आणि बाण्याची घनता सारखी असेलच असे नाही, त्यामुळे चौरस पिक्सेलवर काढलेले वर्तुळ मागावर चपटे किंवा उभट होते. दोन्ही घनता विचारून घेऊन चौकटीचे प्रमाण त्यानुसार ठरवावे.

बुट्ट्याचा इतिहासही डोळ्यांखालून घालावा. सतराव्या शतकातील शालींवर मुळांसह एकेकटे फुलझाड दिसते. अठराव्या शतकात त्याचा भरगच्च गुच्छ होतो आणि एकोणिसाव्या शतकात तोच आकार लांबट होऊन वेटोळे घेत जवळजवळ सारी शाल व्यापतो. कोणत्या काळाशी आपण संवाद करत आहोत हे न ठरवता सगळे एकत्र मिसळले, की काम पर्यटकांच्या दुकानातील पिशवीसारखे दिसू लागते. अभ्यासासाठी श्रीनगरचे श्री प्रताप सिंह संग्रहालय पाहावे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून स्वामित्वमुक्त कलाकृतींची छायाचित्रे निर्बंधाविना खुली केली आहेत आणि त्यांत काश्मिरी शालीही आहेत. छायाचित्रातून रंग थेट उचलू नयेत, कारण जुना रंग विटलेला असतो. शक्य असेल तिथे शालीची मागची बाजू पाहावी.

सोझनी, म्हणजे सुईने केलेले बारीक भरतकाम, ही निराळीच गोष्ट आहे. तिथे आराखडा लाकडी ठशाने कापडावर उमटवतात आणि पुढे टाका स्वतंत्रपणे वळतो, म्हणून तिच्यावर काम करताना चौकटीऐवजी टाक्याची लांबी व दिशा हा आधार धरावा.

शेवटचा मुद्दा व्यवहाराचा आहे आणि अभ्यासक्रमांत तो क्वचितच शिकवला जातो. कानी शाल, काश्मीर पश्मिना आणि काश्मीर सोझनी यांना भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे छापील दुपट्टा किंवा यंत्रमागावरचे कापड ‘कानी’ म्हणून विकणे चुकीचे आहे. ‘कानी नक्षीवर आधारित छपाई’ असे स्पष्ट लिहावे. मानांकन मुख्यतः नावाचे रक्षण करते, नक्षी काढणाऱ्या व्यक्तीचा हक्क त्यातून आपोआप सांभाळला जात नाही. म्हणून हयात नक्काशाचा आराखडा किंवा एखाद्या घराण्याची तालीम वापरायची असल्यास काम सुरू होण्यापूर्वीच लेखी करार करावा आणि त्यात मानधन, श्रेयनामाची जागा, तसेच डिजिटल प्रती विकल्या गेल्यास मिळणारा वाटा या तिन्ही बाबी त्यांना वाचता येणाऱ्या भाषेत नमूद कराव्यात.