जुन्या पॅलेटचा अंगणातला बाक: लाकूड पारखून घ्या

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे परिसरातील कारखान्यांत यंत्रसामग्रीबरोबर आलेली लाकडी पॅलेट, म्हणजे माल ठेवण्याचे फळ्यांचे चौथरे, पुष्कळदा भंगारात निघतात आणि त्यांपासून अंगणासाठी चांगला बाक होऊ शकतो; मात्र घेण्यापूर्वी त्यांवरील शिक्का अवश्य पाहावा. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीच्या चिन्हाशेजारी ‘एचटी’ ही रोमन अक्षरे असल्यास ते लाकूड गाभ्यापर्यंत किमान 56 अंश सेल्सिअस तापमानाला सलग 30 मिनिटे तापवलेले असते. ‘एमबी’ असल्यास त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, म्हणून ते फुकट मिळाले तरी घेऊ नये. तेलाचे किंवा रसायनाचे डाग पडलेले पॅलेटही टाळावे.

फळ्या पहारीने उचकटल्यास हमखास फाटतात, कारण पॅलेटचे खिळे बहुधा पिळाचे असतात. त्याऐवजी फळी आणि ठोकळा यांच्या फटीत हॅकसॉचे (लोखंड कापायच्या करवतीचे) पाते घालून खिळेच कापावेत. हे काम वेळखाऊ आहे, पण फळी अखंड निघते.

खानापूरकडच्या पावसात पॅलेटचे मऊ लाकूड कडांकडून कुजू लागते, त्यामुळे बैठकीच्या फळ्यांत बोटभर फट ठेवावी, पाय फरशीच्या तुकड्यांवर टेकवावेत आणि फळ्यांच्या कापलेल्या टोकांना जवसाच्या तेलाचा एक जादा हात द्यावा. तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र चुरगळून टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात.