एंजिनएक्सचा कंटेनर सुरू होताच थांबत होता, त्यावरचा उपाय

एंजिनएक्स या वेब सर्व्हरसाठी स्वतः बांधलेल्या इमेजवरून (तयार साच्यावरून) डॉकर कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवायची चौकट, चालू केला की तो लगेच थांबायचा. एक्झिट कोड ० (चूक न होता संपल्याची खूण), लॉग कोरा. म्हणजे सर्व्हर कोसळत नव्हता.

एंजिनएक्स एरवी स्वतःला बॅकग्राउंडला पाठवतो आणि मूळ प्रोसेस संपते. कंटेनरचं आयुष्य मात्र त्याच प्रोसेसवर, म्हणजे पीआयडी १ वर (कंटेनरमधल्या पहिल्या प्रोसेसवर) अवलंबून असतं. ती संपली की बाकीच्याही बंद केल्या जातात. सुरू करायच्या कमांडमध्ये ‘-जी’ पर्यायासोबत ‘डीमन ऑफ;’ (बॅकग्राउंडला जाऊ नको) दिलं आणि सर्व्हर फोरग्राउंडला टिकला. शेवटचा अर्धविराम हवाच, नाहीतर चूक दाखवून एंजिनएक्स सुरूच होत नाही.

लॉगच्या दोन्ही फायली स्टँडर्ड आउटपुट आणि एररला, म्हणजे डॉकर वाचतो त्या प्रवाहांना, जोडल्या. अधिकृत इमेजमध्येही असंच असतं. आता ‘डॉकर लॉग्स’ या कमांडमध्ये प्रत्येक रिक्वेस्ट दिसते.